लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव कसं वाचायचं: चौकशीपासून खोकं उघडेपर्यंत

दुकानातली चौकशी बहुतेक वेळा 'आय-फाइव्ह केवढ्याला?' अशी सुरू होते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आय-५ हे इंटेलच्या कुठल्या एका प्रोसेसरचं नाव नाही. २००९ पासून या नावाखाली दोन कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर विकले गेले आणि चौदा कोअरचेही. एएमडीच्या रायझन ५ ची गत वेगळी नाही. एकाच वर्षाच्या यादीत, एकाच '७ हजार' मालिकेत, तीन पिढ्यांचा माल सापडतो. दुकानदार खोटं बोलत नसतो आणि जाहिरातही खोटी नसते, तरी घरी येतो तो लॅपटॉप अपेक्षेपेक्षा हळू निघतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. आधी किंमत पाहून मन बसवायचं आणि मग नाव तपासायचं असं केलं, की तपासणी नुसती नावाला उरते.

तयारी

एका कागदावर लॅपटॉपचं काम एका ओळीत लिहा. तीन गट पुरेत. पहिला: ब्राउझर, वर्ड, टॅली, ऑनलाइन वर्ग. दुसरा: प्रोग्रामिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, जडशीळ एक्सेल फायली. तिसरा: व्हिडिओ एडिटिंग, कॅड, गेम. त्याखाली प्रत्येक लॅपटॉपसाठी पाच रकाने आखा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअरची रचना, कोअर किती आणि कुठले, वॅट, रॅम. एकही रकाना रिकामा असेल तर त्या लॅपटॉपची दुसऱ्याशी तुलना करायची नाही.

टप्पा १: पूर्ण नाव मिळवा

पूर्ण नाव म्हणजे ब्रँड, आकडा आणि आकड्यामागचं अक्षर. 'कोअर आय५-१२३५यू' हे पूर्ण नाव. 'आय-फाइव्ह ट्वेल्थ जेन' हे अर्धं, आणि 'रायझन फाइव्ह सेव्हन थाउजंड सीरिज' हे त्याहून अर्धं.

ऑनलाइन पानावर मथळ्यात बहुधा अर्धंच नाव असतं; खाली तपशिलाच्या तक्त्यात 'प्रोसेसर' या ओळीत पूर्ण नाव शोधा. दुकानात असाल तर कीबोर्डजवळच्या चमकत्या स्टिकरकडे पाहू नका, त्यावर आकडा नसतोच. सरळ विचारा, 'दादा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर सांगा, शेवटच्या अक्षरासकट.' उत्तर 'लेटेस्ट आहे हो' असं आलं, तर खोक्याच्या बाजूचं लेबल दाखवायला सांगा. त्यावर लॅपटॉपचा मॉडेल कोड असतो. तोच कोड कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की प्रोसेसरचं नाव मिळतं.

इशारा: लॅपटॉपचं मालिका-नाव तेच आणि आतला प्रोसेसर वेगळा, हे नेहमीचं आहे. शेजाऱ्याकडे तोच लॅपटॉप आहे म्हणून तोच प्रोसेसर असेल, असं धरू नका. मॉडेल कोड शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे.

टप्पा २: ३, ५, ७, ९ झाकून ठेवा

हा आकडा म्हणजे त्या वर्षीच्या यादीतली पायरी. एका पिढीतली पायरी दुसऱ्या पिढीतल्या पायरीशी लावता येत नाही. नेमकं उदाहरण घ्या: आय७-७५००यू मध्ये २ कोअर आणि ४ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. पुढच्याच पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड. कोअर दुप्पट, आणि नाव मात्र एक पायरी खालचं. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात आजही हा आय-७ त्या आय-५ पेक्षा चढ्या भावाने सांगितला जातो.

एकाच पिढीतही ५ आणि ७ मध्ये काही वेळा फारसं अंतर नसतं. आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू या दोघांतही १० कोअर आणि १२ थ्रेड आहेत; फरक आहे तो मुख्यतः कमाल वेगात, ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झचा. नुसत्या '७' साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच रॅम वाढवण्यात घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टप्पा ३: इंटेलचा आकडा फोडा

आधी नावात 'आय' आहे का ते पाहा.

'आय' असेल तर जुनी पद्धत. आकडा ६ ते ९ ने सुरू होत असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी: ८२५०यू आठवी. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक मिळून पिढी: ११३५जी७ अकरावी, १२३५यू बारावी, १३४२०एच तेरावी. एकूण अंक चार आहेत की पाच, याने पिढी बदलत नाही. १२३५ पेक्षा १२४५० हा आकडा दहापट दिसतो, पण दोन्ही बारावीतलेच.

'आय' नसेल तर नवी पद्धत. २०२३ च्या जूनमध्ये इंटेलने 'आय' काढून टाकायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून 'कोअर अल्ट्रा' नावाचे प्रोसेसर आले. आता तीन अंकी आकडा असतो आणि पहिला अंक मालिकेचा. इथे नावातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'अल्ट्रा' आहे, आणि चौकशीत नेमका तोच गळतो.

कोअर अल्ट्रा ५ १२५यू आणि कोअर ५ १२०यू ही नावं कानाला जुळी भावंडं वाटतात. पहिला नव्या रचनेचा, १२ कोअरचा. दुसरा तेराव्या पिढीचीच रचना नव्या नावाने: १० कोअर, १२ थ्रेड, म्हणजे आय५-१३३५यू चा सख्खा भाऊ. २०० च्या मालिकेतही तेच. कोअर अल्ट्रा ५ २२५एच मध्ये १४ कोअर. कोअर ५ २१०एच मध्ये ८ कोअर आणि आतली रचना जुनी. 'अल्ट्रा' नसलेला प्रोसेसर वाईट असतो असं नाही. आय५-१३३५यू च्या भावात मिळाला तर खुशाल घ्यावा. अल्ट्राच्या भावात घेऊ नये.

इशारा: आकड्याआधी 'एन' आला की थांबा. एन१००, एन२००, आय३-एन३०५ आणि नंतरचा कोअर ३ एन३५५ या सगळ्यांत फक्त ई-कोअर आहेत, म्हणजे कमी वीज खाणारे छोटे कोअर. मोठा पी-कोअर एकही नाही. पूर्वी पेंटियम आणि सेलेरॉन म्हणून जो वर्ग विकला जायचा, तिथेच हे बसतात. आय३-एन३०५ मध्ये ८ कोअर आहेत आणि आय३-१२१५यू मध्ये ६, म्हणून पहिला सरस वाटतो. पण १२१५यू मधल्या ६ पैकी २ पी-कोअर आहेत. फाइल उघडणं, पान लोड होणं असं रोजचं काम बरंचसं एकाच वेगवान कोअरवर चालतं, तिथे १२१५यू स्पष्ट पुढे जातो. एन१०० ची रॅमची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे, हेही लिहून ठेवा. पहिल्या गटातल्या हलक्या कामाला हा वर्ग चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या गटासाठी घेऊ नका.

टप्पा ४: एएमडीचा तिसरा अंक पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

२०२३ पासूनच्या लॅपटॉपसाठी एएमडीने चार अंकी आकड्याची रीत जाहीर केली. पहिला अंक यादीचं वर्ष: ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४, ९ म्हणजे २०२५. दुसरा अंक पायरी. तिसरा अंक कोअरची रचना (एएमडी तिला 'झेन' म्हणते): २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३ किंवा ३ प्लस, ४ म्हणजे झेन ४. चौथा अंक ० किंवा ५, त्याच पायरीतला खालचा किंवा वरचा.

आपण वाचतो पहिला अंक, आणि वेग ठरतो तिसऱ्यावर. चार नावं फोडून पाहू.

रायझन ५ ७५२०यू: तिसरा अंक २. कोअरची रचना २०१९ मध्ये आलेल्या झेन २ ची, कोअर ४, थ्रेड ८. आतलं ग्राफिक्स अगदी बेताचं. हा प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो आणि ती बोर्डवर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच.

रायझन ५ ७५३०यू: तिसरा अंक ३. झेन ३, कोअर ६, थ्रेड १२.

रायझन ५ ७५३५एचएस: तिसरा अंक ३ च, पण ही झेन ३ प्लस. कोअर ६, आतलं ग्राफिक्स ७५३०यू पेक्षा नवं.

रायझन ५ ७६४०एचएस: तिसरा अंक ४. झेन ४, कोअर ६, थ्रेड १२, यादीतला खरा नवा.

चौघंही 'रायझन ५, ७००० सीरिज'. ७५२० आणि ७५३० मध्ये आकड्याने फरक १० चा, प्रत्यक्षात दीडपट कोअर आणि एक पूर्ण पिढी. कुणी 'फक्त दहाचाच तर फरक आहे' म्हणालं तर हा परिच्छेद दाखवा.

उलटा सापळाही आहे. रायझन ७ ७७३५एचएस हा आकड्याने रायझन ५ ७६४०एचएस च्या वर, रचनेने खाली. पहिल्यात जुन्या रचनेचे ८ कोअर, दुसऱ्यात नव्या रचनेचे ६. तासन् तास व्हिडिओ रेंडर करायचा असेल तर ८ कोअरचा विचार करता येतो; इतर बऱ्याच कामांना आम्ही ७६४०एचएस घेऊ.

इशारा: ही रीत मागे लावू नका. ५००० च्या मालिकेला ती लागू नाही. तिथे रायझन ५ ५५००यू झेन २ आणि ५६००यू झेन ३. रायझन ७ ५७००यू झेन २ आणि ५८००यू झेन ३. या चौघांत तिसरा अंक शून्यच, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. डेस्कटॉपच्या रायझनलाही ही रीत लावायची नाही.

२०२४ पासून यात आणखी दोन नावं मिसळली. 'रायझन एआय' ३०० मालिका झेन ५ ची: रायझन एआय ९ एचएक्स ३७० मध्ये १२ कोअर, रायझन एआय ७ ३५० मध्ये ८, रायझन एआय ५ ३४० मध्ये ६. आणि २०२५ च्या सुरुवातीला नुसती 'रायझन' २०० मालिका आली, उदाहरणार्थ रायझन ७ २५०. ती झेन ४ ची. इंटेलकडे 'अल्ट्रा' शब्द जे सांगतो, तेच इथे 'एआय' शब्द सांगतो. आधीच्या मालिकेतली आकड्यामागची यू-एचएस अक्षरंही रायझन २०० मधून गेली, त्यामुळे वॅट नावावरून कळत नाहीत, तपशिलातूनच पाहावे लागतात.

तपासणी: इथपर्यंत आल्यावर कागदावरचे पहिले दोन रकाने भरले गेले पाहिजेत. 'रचना' रकान्यात 'लेटेस्ट' लिहिलं असेल तर मागे जा.

टप्पा ५: शेवटचं अक्षर

अक्षर सांगतं की प्रोसेसरला सतत किती वीज मिळणार. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीत यू म्हणजे १५ वॅट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५, एचएक्स म्हणजे ५५. एएमडीकडे यू साधारण १५ ते २८, एचएस ३५ च्या आसपास किंवा वर, एचएक्स ५५ च्या वर.

आय५-१२३५यू मध्ये १० कोअर, आय५-१२४५०एच मध्ये ८. तरी लांबलचक कामात दुसरा पुढे राहतो, कारण त्यात पी-कोअर ४ आहेत, पहिल्यात २, आणि वीजही तिप्पट मिळते. पण ग्राफिक्स उलट: १२३५यू मध्ये आतल्या ग्राफिक्सचे ८० घटक, १२४५०एच मध्ये ४८. म्हणजे १२४५०एच घ्यायचा तो वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये.

अक्षराचा अर्थ पिढीप्रमाणे सरकतो, हेही ध्यानात ठेवा. कोअर अल्ट्रा ५ १२५एच चा पाया २८ वॅटचा आहे, ४५ चा नाही. अल्ट्रा २०० मालिकेतलं 'व्ही' म्हणजे रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली. २५६व्ही मध्ये १६ जीबी, २५८व्ही मध्ये ३२ जीबी. पुढे वाढवता येत नाही, त्यामुळे इथे शेवटचा ६ की ८ हे आयुष्यभराचं ठरतं.

टप्पा ६: कोअर स्वतः मोजा

इंटेलच्या किंवा एएमडीच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण नाव टाका. इंटेलच्या पानावर परफॉर्मन्स कोअर आणि एफिशियंट कोअर वेगवेगळे दिलेले असतात; कागदावर '२ + ८' असं लिहा, '१०' असं नाही.

थ्रेडच्या आकड्यावरून घाबरू नका. कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही मध्ये ८ कोअर आणि ८ च थ्रेड आहेत, कारण त्या मालिकेत एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय काढली आहे. तो दोष नाही.

एएमडीच्या पानावर बाजारात आल्याची तारीख पाहून निर्णय घेऊ नका. जुनी रचना नव्या नावाने आली की तारीख नवीच दिसते. 'प्रोसेसर आर्किटेक्चर' ही ओळ वाचा.

टप्पा ७: रॅम आणि 'एआय' स्टिकर

इंटेलचं आतलं आयरिस एक्सई ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालायला रॅम ड्युअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी जोडलेली लागते. एकाच स्लॉटमध्ये ८ जीबी असलेल्या लॅपटॉपमध्ये तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये 'यूएचडी' म्हणून दिसतं. ग्राहकाला वाटतं प्रोसेसर बदलून दिला. खरं तर दुसरी रॅम लावली की नाव आणि वेग दोन्ही जागेवर येतात. म्हणून रॅम किती एवढंच नाही, तर किती पट्ट्यांत विभागलेली आणि मोकळा स्लॉट आहे का, हे विचारा.

'एआय पीसी' आणि 'कोपायलट प्लस पीसी' एक नाहीत. दुसऱ्यासाठी एनपीयू (प्रोसेसरमधला एआयच्या कामाचा वेगळा भाग) ४० टॉप्सचा (टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), रॅम १६ जीबी आणि साठवण २५६ जीबी, हे किमान हवं. कोअर अल्ट्रा १०० मालिकेचा एनपीयू ११ टॉप्सच्या आसपास, म्हणजे स्टिकर 'एआय'चा असला तरी ती ठरावीक वैशिष्ट्यं मिळणार नाहीत. ती लागणारच नसतील तर हा मुद्दा सोडून द्या, पैसे वाचतील.

इशारा: स्नॅपड्रॅगन एक्सवाले लॅपटॉप एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरचे आहेत. साधे प्रोग्राम बहुतेक चालतात, पण ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमसाठीच बनलेला असावा लागतो. जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डाँगल यांपैकी काही वापरत असाल, तर त्याचा एआरएम ड्रायव्हर आहे की नाही ते आधी विचारून घ्या.

टप्पा ८: खोकं उघडल्यावर

खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्षही असतं. लॅपटॉप सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. वर उजवीकडे पूर्ण नाव, खाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड). १२३५यू असेल तर १० आणि १२ दिसायला हवेत. ते कागदाशी ताडून पाहा आणि या पडद्याचाही फोटो ठेवा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे व्हायला हवं.

नावापुढे '१.३० गिगाहर्ट्झ' दिसलं म्हणून तक्रार करायला धावू नका. तो पायाभूत वेग आहे. काम पडलं की हाच प्रोसेसर ४ च्या वर जातो. टास्क मॅनेजर उघडा ठेवून एखादी जड फाइल उघडली की आकडा चढताना दिसतो.

वापरलेला लॅपटॉप घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, 'आय-५, ८ जीबी, २५६ एसएसडी' एवढ्यावर विकले जाणारे ऑफिसातले जुने लॅपटॉप ढिगाने मिळतात. इथे पिढी म्हणजेच सगळं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. सहावी-सातवी पिढी स्वस्त दिसते ती यामुळेच. दुकानदाराने त्यावर विंडोज ११ टाकून दाखवलं तरी ते अधिकृत यादीबाहेरचं असतं.

बाहेरून ओळखायला जाऊ नका. थिंकपॅड टी४८० हे एकच मॉडेल सातव्या पिढीच्या आय५-७३००यू सह निघालं आणि आठव्या पिढीच्या आय५-८३५०यू सहही. पहिल्यात २ कोअर, दुसऱ्यात ४; सांगाडा, कीबोर्ड, वजन सगळं तेच. स्टिकर तर दहा रुपयांत बदलतो. पैसे देण्याआधी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) जा: एचपीला एफ१०, डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१. तिथे प्रोसेसरचं नाव वाचा, मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमध्ये कोअर मोजा. 'बायॉसला पासवर्ड आहे, उघडत नाही' असं उत्तर आलं तर तो लॅपटॉप ठेवून द्या. पुढे विंडोज बदलताना तोच पासवर्ड तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो.